दोन डूम्सडे

इ. स. १०८५ च्या नाताळात इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने ग्लॉस्टर येथे दरबार भरवला आणि जिंकलेल्या मुलखाची समग्र मोजदाद करण्याचे ठरवले. कोणत्या गावात किती जमीन, ती कोणाची, नांगर किती, पाणचक्क्या किती, कुरणे किती, एडवर्ड राजाच्या हयातीत या सर्वांचे मोल काय होते आणि आता काय आहे, असे प्रश्न घेऊन राजाची माणसे मुलूखभर फिरली. पुढच्याच वर्षी, १०८६ मध्ये, ही माहिती गोळा झाली आणि मेंढ्यांच्या कातड्यावर लॅटिन भाषेत उतरवली गेली. तेरा हजारांहून अधिक वस्त्यांची ही नोंद म्हणजेच ‘डूम्सडे बुक’. आपल्याकडील महसूल खात्याचा कारकून ज्याला जमाबंदी म्हणेल त्याच जातीचा हा ग्रंथ. त्यात कथा नाही की काव्य नाही. तरीही इंग्रज रयतेने त्याला अंतिम न्यायाच्या दिवसाचे नाव दिले. त्या दिवशीच्या निकालावर जशी दाद मागता येणार नाही, तशी या पुस्तकातील नोंदीवरही मागता येत नाही, असे या नावाचे कारण बाराव्या शतकातील राजाचा कोषाध्यक्ष रिचर्ड फिट्झनील याने नमूद करून ठेवले आहे. हे पुस्तक आज लंडनमधील क्यू येथे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ज्याला लॅटिन आणि त्या काळची संक्षेपचिन्हे येतात त्याला ते आजही वाचता येते.

या ग्रंथाला नऊशे वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १९८६ मध्ये बीबीसीने दुसरा डूम्सडे सिद्ध केला. या वेळी राजाची माणसे नव्हती, शाळेतील मुले होती. देशाच्या नकाशावर चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे चौकोन पाडण्यात आले आणि एकेक चौकोन एकेका शाळेकडे वा मंडळाकडे सोपवण्यात आला. मुलांनी आपल्या गावातील दुकाने, शेते, बसगाड्या, जेवणाच्या वेळा, आईवडिलांचे उद्योग यांविषयी लिहिले, छायाचित्रे काढली. दहा लाखांहून अधिक लोकांचा या कामाला हात लागला. गोळा झालेले सर्व साहित्य बारा इंच व्यासाच्या दोन लेसर चकत्यांवर साठवण्यात आले. एक चकती लोकांची, दुसरी राष्ट्रीय आकडेवारीची. त्या वाचण्यासाठी अॅकॉर्न कंपनीचा संगणक आणि फिलिप्स कंपनीने खास बनवलेले यंत्र लागे. हा सारा संच सुमारे पाच हजार पौंडांना पडत असे. ज्या शाळांतील मुलांनी हे पुस्तक लिहिले त्यांपैकी पुष्कळशा शाळांना ते विकत घेणे परवडले नाही. या योजनेतील सर्वांत खेदाची गोष्ट आमच्या मते हीच होय. यंत्रे बंद पडली ती नंतरची गोष्ट.

यंत्रे बंद पडली हे मात्र खरे. ही चकती अन्य कोणी स्वीकारली नाही, वाचक-यंत्रांचे उत्पादन थांबले, आणि जी काही यंत्रे शिल्लक होती ती एकेक करून मोडीत निघाली. सोळा वर्षांनी, २००२ मध्ये, इंग्लंडमधील वृत्तपत्रांत बातम्या येऊ लागल्या की नऊशे वर्षांपूर्वीचा डूम्सडे वाचता येतो आणि पंधरा वर्षांपूर्वीचा येत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस लीड्स व मिशिगन या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी ‘कॅमिलिऑन’ नावाच्या प्रकल्पात एक निराळी युक्ती करून दाखवली. जुने यंत्र दुरुस्त करीत बसण्याऐवजी त्यांनी नव्या संगणकावर असा कार्यक्रम लिहिला की जो जुन्या संगणकाचे सोंग हुबेहूब वठवील. चकतीवरील माहिती काढून या सोंगाड्यासमोर ठेवली आणि १९८६ चा डूम्सडे पडद्यावर उभा राहिला. पुढे या साहित्याची एक आवृत्ती एका गृहस्थांनी स्वतःच्या खटपटीने इंटरनेटवर ठेवली होती. २००८ मध्ये त्यांचे आकस्मिक निधन झाले आणि तीही दिसेनाशी झाली. २०११ मध्ये बीबीसीने लोकांच्या चकतीतील मजकूर आपल्या संकेतस्थळावर आणला. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद करण्यात आले आणि त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात ठेवण्यात आली. म्हणजे मेंढ्याच्या कातड्यावरचा डूम्सडे आणि लेसरचा डूम्सडे अखेर एकाच संस्थेच्या आश्रयाला येऊन राहिले.

ही कथा व्याख्यानांत नेहमी सांगितली जाते आणि तिचे तात्पर्यही ठरलेले असते : जुने ते सोने. आम्हांस ही तुलना पुरती न्याय्य वाटत नाही. कातडे टिकाऊ असते हे कबूल. पण केवळ कातडे म्हणून तो ग्रंथ टिकला असे नाही. शतकानुशतके तो राजकोषाच्या ताब्यात होता. त्याच्यासाठी लोखंडी पट्ट्यांची, तीन कुलपांची पेटी होती. जमिनीच्या तंट्यांत त्याचा दाखला लागत असे, म्हणून तो वाचणारे लोक दरबाराने पदरी बाळगले. १७८३ मध्ये तो छापला गेला आणि त्यासाठी लॅटिन संक्षेपचिन्हांचे वेगळे खिळे पाडण्यात आले. १८६० नंतरच्या काही वर्षांत त्याची छायाचित्रावरून जशीच्या तशी प्रतिकृती निघाली. राखणारी संस्था, वाचणारी माणसे, अधूनमधून नवी प्रत आणि त्या कागदाची कोणाला तरी पडणारी गरज, ही चौकट नऊशे वर्षे मोडली नाही. १९८६ च्या चकतीभोवती अशी चौकट उभी राहण्यापूर्वीच तिचे यंत्र नाहीसे झाले. दोष असलाच तर तो चकतीच्या पदार्थात शोधण्यापेक्षा या गोष्टीत शोधावा.

साधन शाबूत आणि वाचणारा नाहीसा, हा प्रकार मराठी माणसाला परका नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल सोडून पाहावेत. कागद बऱ्याच ठिकाणी उत्तम आहे, शाई काळीभोर आहे. पण लिपी मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांचे सारे व्यवहार या लिपीत चालत. खरेदीखते, गहाणखते, खासगी पत्रे तिच्यातच आहेत. मग शाळांतून ती गेली आणि दोन पिढ्यांत घराघरांतील पेट्यांतले कागद वारसांना वाचता येईनासे झाले. एका अक्षरालाही वाळवी लागली नव्हती. आज मोडी वाचणारे जाणकार आहेत, वर्ग चालतात, म्हणून ते दप्तर मुके झालेले नाही. पण जाणकार आणि कागद यांचे प्रमाण पाहिले तर मन धास्तावते.

आता याच मापाने आपल्या अलीकडच्या काळाकडे पाहावे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील छापखान्यांतून खिळे गेले आणि संगणक आला. नियतकालिके, पुस्तके, लग्नपत्रिका, धर्मग्रामांच्या स्मरणिका, सारे संगणकावर जुळवले जाऊ लागले. पण तेव्हाच्या संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. मराठी अक्षरवळणे तयार करणाऱ्या कंपन्यांनी त्यावर तोड काढली ती अशी : संगणकाच्या पोटात साठायचे रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक, आणि पडद्यावर व कागदावर त्यांच्या जागी देवनागरी आकृती उमटायच्या. कोणत्या क्रमांकाला कोणती आकृती, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. वास्तविक भारतीय भाषांसाठी ‘इस्की’ नावाचे सरकारी प्रमाण १९८८ मध्ये निघाले होते व १९९१ मध्ये ते सुधारून प्रसिद्ध झाले. त्याच १९९१ साली जगातील सर्व लिप्यांसाठी आखलेल्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु नेहमीच्या वापरातील संगणकांना युनिकोडची देवनागरी नीट दाखवता येऊ लागली ती ‘विंडोज २०००’ आल्यावर, आणि छापखान्यांना ती अंगवळणी पडायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली.

परिणाम असा झाला की सुमारे वीस वर्षांचे मराठी अक्षरवाङ्मय संगणकात आहे, पण मराठी म्हणून नाही. त्या काळच्या फायली आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि आकड्यांचा खच दिसतो. जुने अक्षरवळण हाती असेल तर तो खच पुन्हा शब्दांचे रूप घेतो. नसेल तर ज्या कंपनीची मांडणी होती ती ओळखून, तक्ता जुळवून, एकेक अक्षर बदलावे लागते. त्यासाठी परिवर्तक आहेत, ते बरेच काम करतात. मात्र जोडाक्षरे आणि रफार यांपाशी ते हमखास अडखळतात. त्यात पाने जुळवण्याचा कार्यक्रम ‘पेजमेकर’, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची; आणि साठवण फ्लॉपीवर, जिची विक्री सोनी कंपनीनेही २०११ मध्ये थांबवली. फ्लॉपी वाचणारे यंत्र, पेजमेकर उघडणारा संगणक आणि नेमके ते अक्षरवळण, अशी तीन कुलपे या पेटीलाही आहेत. फरक एवढाच की डूम्सडेच्या पेटीच्या किल्ल्या जपणारे अधिकारी नेमलेले होते. ज्या संपादकांनी छापील अंक बांधून ठेवले त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी ‘संगणकात आहेच’ म्हणून गठ्ठे रद्दीत दिले, त्यांच्याकडे आता ना अंक आहे ना संगणकातले.

युनिकोड आले म्हणजे सर्व मिटले असेही नव्हे. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो : एक, नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत जोडून, दुसरी, साध्या ‘र’ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर ‘सापडला नाही’ असे उत्तर मिळू शकते. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही, मराठीला पावलोपावली पडते. गिऱ्हाईक, कुऱ्हाड, दऱ्या आणि साऱ्या अनेकवचनांत ते आहे. तेव्हा नोंद टिकवणे म्हणजे काय टिकवणे, डोळ्यांना दिसणारा शब्द की पोटातले क्रमांक, हा प्रश्न आपल्या भाषेत केवळ तात्त्विक राहत नाही.

येथवर टिकण्याचा विचार झाला. नोंद टिकली पण ती बदललेली नाही हे कशावरून, हा याहून नाजूक प्रश्न. तोही जुनाच आहे. सहाव्या ते दहाव्या शतकांत हिब्रू पवित्र शास्त्राच्या हस्तलिखितांची परंपरा सांभाळणारे मसोरा पंडित नकलेतील चूक पकडण्यासाठी शब्द आणि अक्षरे मोजून ठेवीत. अमुक पुस्तकात ओव्या किती, मध्यावर कोणती ओवी येते, अमुक शब्दरूप कितीदा येते, याची टिपणे समासात आणि ग्रंथाच्या शेवटी लिहिलेली असत. तोराहमधील मधले अक्षर लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातील एका शब्दात आहे असा जुना संकेत आहे आणि ते अक्षर मोठे लिहिण्याची रीत आहे. आजच्या मोजणीत मध्य तेथे पडत नाही, आणि यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. तालमूदमधील पंडितांनाही शंका आली होती; त्यांनी नम्रपणे म्हटले की काही शब्दांत स्वरदर्शक अक्षर धरावे की गाळावे याचे पक्के ज्ञान आपल्याला उरलेले नाही. ‘वऱ्हाड’चा जो पेच, तोच हा. मोजणी काही सिद्ध करीत नाही. कुठे तरी काही हलले आहे एवढेच ती सांगते. पण तेवढे सांगणे ही फार मोठी कामगिरी होय.

संगणकाच्या जगात हीच कल्पना रिचर्ड हॅमिंग यांनी नव्याने मांडली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ते काम करीत होते. शनिवार-रविवारी यंत्रावर गणिते लावून ते घरी जात. मध्येच एखादा आकडा बिघडला की यंत्राला चूक कळे, पण दुरुस्त करायला कोणी नसल्यामुळे ते ते गणित टाकून पुढच्याकडे वळे. यंत्राला चूक झाल्याचे कळते तर ती कोठे झाली हेही का कळू नये, असा विचार करून त्यांनी मूळ अंकांबरोबर काही जादा ताळ्याचे अंक साठवण्याची पद्धत शोधली आणि १९५० मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यानंतर या शास्त्राची खूप वाढ झाली. सीडीवर ओरखडा पडला तरी गाणे तुटत नाही ते या ताळ्यामुळेच. आपल्या आधार क्रमांकातील बारावा आकडाही असाच ताळ्याचा आकडा आहे. आधीचे अकरा आकडे लिहिताना एखादा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर तो जुळत नाही.

ताळा अपघाती चूक पकडतो. लबाडी पकडत नाही, कारण नोंद बदलणारा ताळाही बदलून ठेवील. त्यासाठी आणखी कडक साधन लागते. संगणकशास्त्रज्ञ त्याला ‘हॅश’ म्हणतात. आपण ‘ठसा’ म्हणू. कोणताही मजकूर, मग तो एक ओळ असो की सारा ज्ञानकोश, एका ठरावीक गणितातून काढला की ठरावीक लांबीचा अंकसमूह मिळतो. मजकुरातील एक अनुस्वार बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि ठशावरून मजकूर शोधून काढता येत नाही. ही गणितेही कायमची नसतात. ‘एमडी-५’ नावाचे गणित १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच ठसा असलेले दोन भिन्न मजकूर तयार करून दाखवले. ‘शा-१’ या गणिताची तीच गत २०१७ मध्ये झाली. येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. असे दोन मजकूर मुद्दाम घडवता येतात याचा अर्थ जुन्या, आधीच ठसा काढलेल्या कागदाची बनावट प्रत करता येते असा नाही. ते अद्याप कोणाला साधलेले नाही. पण भिंतीला तडा गेलेला दिसल्यावर त्या खोलीत कोणी दागिने ठेवीत नाही. आज सामान्यतः ‘शा-२५६’ वापरले जाते.

ठसा आहे, पण तो केव्हा काढला? गेल्या वर्षी की काल रात्री? या प्रश्नाचे उत्तर स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दिले. तारखेचा शिक्का मारणारा अधिकारी प्रामाणिकच असेल हे गृहीत धरायचे नाही, अशी त्यांची अट होती. त्यांनी नोंदींची साखळी केली : प्रत्येक नव्या ठशात आधीच्या नोंदीचा ठसा गुंफायचा. मग मधली एक कडी बदलायची तर पुढच्या सर्व कड्या बदलाव्या लागतात. आणि साखळीचा शेवटचा ठसा १९९५ पासून दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातींच्या स्तंभात छापला जाऊ लागला. त्या वृत्तपत्राच्या प्रती हजारो ग्रंथालयांत आणि घरांत गेल्या. त्या सर्व गोळा करून फेरफार करणे कोणालाही शक्य नाही. संगणकातील नोंदीला शेवटी साक्ष दिली ती छापील कागदाने. यात आम्हांस मोठी मौज वाटते.

ही साखळी वाचताना आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याची जाड वही डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने विवाहाविषयीचा जो ठराव केला, त्यात विवाहनोंदीचे पुस्तक ठेवणे प्रत्येक धर्मग्रामाच्या गुरूवर बंधनकारक झाले. बाप्तिस्म्याच्या धर्मपालकांची नावे लिहून ठेवण्याची आज्ञाही त्याच परिषदेची. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने या वह्यांचे नमुने ठरवून दिले. आपल्या किनाऱ्यावरही त्या काळात दप्तराची जाणीव होती. गोव्यात १५९५ मध्ये अभिलेखागार स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु दु कोतु याची तेथे नेमणूक झाली. बांधलेली वही, पानांवर क्रमांक, नोंदींवर क्रमांक, एकीखाली दुसरी, मध्ये जागा न सोडता. दोन नोंदींच्या मध्ये तिसरी घुसवणे कठीण, पान फाडले तर क्रमांक तुटतो. हेबर आणि स्टॉर्नेटा यांची साखळी ती हीच. शिवाय एका नोंदीला दुसरीची साक्ष असते. दृढीकरण झाले, विवाह झाला, की त्याची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात जाते, आणि बाप्तिस्म्याचा दाखला देताना ती टीपही द्यावी लागते. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ व्या कलमात हे आजही आहे. विवाह एका गावात, बाप्तिस्मा दुसऱ्या गावात. दोन वह्या एकमेकींना सांभाळतात.

१९१७ च्या धर्मसंहितेत याहून एक पाऊल पुढे टाकलेले होते. धर्मग्रामाच्या या वह्यांची अधिकृत नक्कल दरवर्षी वर्षअखेरीस बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवावी, अशी ४७० व्या कलमात आज्ञा होती. चर्चला आग लागली, पूर आला, तरी नोंद दुसरीकडे शाबूत. १९८३ च्या संहितेने ही वार्षिक नक्कल सर्वत्र सक्तीची ठेवलेली नाही. संहिताकारांनी तिची गरज का मानली नाही हे आम्ही सांगू शकत नाही, पण ते कलम गेले याची हळहळ वाटते; कारण ज्या सुमारास ते गेले त्याच सुमारास संगणकवाल्यांना त्याचे महत्त्व कळू लागले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ मध्ये ‘लॉक्स’ नावाची योजना सुरू केली. तिचे सूत्रच असे की प्रती पुष्कळ असल्या की वस्तू सुरक्षित राहते. अनेक ग्रंथालयांतील संगणक एकाच नियतकालिकाची प्रत आपापल्याकडे ठेवतात, अधूनमधून परस्परांचे ठसे ताडून पाहतात, आणि ज्याची प्रत बिघडलेली आढळेल तो इतरांकडून ती दुरुस्त करून घेतो.

प्रत नसेल तर काय होते हे २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात दिसले. देजॉन शहरातील सरकारी माहितीकेंद्रात बॅटरीला आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. त्यांपैकी बऱ्याच हळूहळू पूर्ववत झाल्या. पण सरकारी नोकरांनी आपल्या कामाचे कागद ज्यात ठेवावेत असा दंडक होता ती ‘जी-ड्राइव्ह’ नावाची साठवण, ८५८ टेराबाइट, समूळ नष्ट झाली. तिची प्रत अन्यत्र कोठेही नव्हती; साठा फार मोठा असल्यामुळे नक्कल ठेवता आली नाही, असे कारण देण्यात आले. संगणकविद्येत जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गोष्ट आहे. वह्यांची नक्कल करायला वेळ नाही म्हणणाऱ्या कोणत्याही कार्यालयात हे कारण ऐकू येते.

उलट बाजूचे उदाहरण व्हॅटिकन ग्रंथालयाचे. पंधराव्या शतकात स्थापन झालेल्या या ग्रंथालयात सुमारे ८० हजार हस्तलिखिते आहेत. त्यांच्या पानांची डिजिटल छायाचित्रे घेताना ती कोणत्या स्वरूपात साठवावीत, हा प्रश्न तेथील लोकांपुढे आला. बाजारात प्रचलित असलेली स्वरूपे सोडून त्यांनी ‘फिट्स’ हे खगोलशास्त्रज्ञांचे स्वरूप निवडले. दुर्बिणींची निरीक्षणे एका वेधशाळेतून दुसरीत नेता यावीत म्हणून ते तयार झाले आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर कोणत्याही कंपनीची मालकी नाही. प्रत्येक फायलीच्या आरंभी, आत काय आहे आणि ते कसे वाचावे, याचे वर्णन साध्या अक्षरांत, ऐंशी ऐंशी अक्षरांच्या ओळींत लिहिलेले असते. उद्या सारे कार्यक्रम नाहीसे झाले तरी ते वर्णन वाचून एखादा माणूस चित्र पुन्हा उभे करू शकेल. आणि या स्वरूपाच्या रक्षणकर्त्यांचा एक नियम आहे की नव्या सुधारणेमुळे जुनी फाईल कधीही अवैध ठरता कामा नये. आकाशातील ताऱ्यांचे निरीक्षण शंभर वर्षांनी पुन्हा तपासावे लागते, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना दूरचे पाहण्याची सवय असावी. ग्रंथपालांनी त्यांच्याकडून ते उसने घेतले, हे शहाणपणाचे झाले.

आपल्या देशातील कायद्याने हा विषय ओळखला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० याच्या सातव्या कलमात, इलेक्ट्रॉनिक नोंद जपली असे केव्हा म्हणावे, ते सांगितले आहे : ती पुढेही पाहता व वापरता आली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहितीच अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याच्या सहीसाठी घालावे लागणारे हेलपाटे त्याने वाचवले याबद्दल शेतकऱ्यांचे दुमत नसावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्याच्या नमुन्यात ठशासाठी वेगळी जागा आहे. हे फार चांगले झाले. पण कोणत्या गणिताने ठसा काढला हे दर्शवण्यासाठी तेथे जे पर्याय छापले आहेत त्यांत ‘शा-२५६’च्या बरोबरीने ‘शा-१’ आणि ‘एमडी-५’ यांनाही मान आहे. वीस वर्षांपूर्वी तडा गेलेली भिंत कायद्याच्या नव्या घरात कशासाठी घेतली असावी, हे समजत नाही.

धर्मग्रामांच्या कार्यालयांतही आता संगणक आहेत. दाखला पाच मिनिटांत मिळतो, नाव शोधायला वह्या चाळाव्या लागत नाहीत. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही. एका बाबीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. वहीत नाव चुकले तर ते खोडून वर बरोबर नाव लिहीत आणि शेजारी धर्मगुरूंची सही व तारीख येई. खोडलेले नावही वाचता येई. संगणकात चुकलेले नाव पुसले जाते आणि नवे त्याच्या जागी बसते. कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून बदलले, याचा मागमूस राहील अशी सोय कार्यक्रमात मुद्दाम करावी लागते आणि ती आहे की नाही, हे विकत घेताना क्वचितच विचारले जाते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, वडिलांचे नाव, वारसाहक्क, परदेशी गेलेल्यांच्या नातवंडांचे नागरिकत्व, अशा कितीतरी गोष्टी अवलंबून असतात. आडनावातील एका अक्षरापायी लोकांची वर्षे कचेऱ्यांत गेलेली आहेत.

यावर खर्चिक उपाय पुष्कळ आहेत. अगदी साधा असा एक आहे. वही बंद करू नये. संगणक तिच्या जोडीला असावा. वर्षअखेरीस त्या वर्षाच्या नोंदींची यादी युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या स्वरूपात काढावी, एक प्रत चांगल्या कागदावर छापून बांधावी, दुसरी १९१७ च्या रीतीप्रमाणे बिशपांच्या कार्यालयात पाठवावी, आणि त्या फायलीचा ठसा काढून तो धर्मप्रांताच्या नियतकालिकात छापावा. ठशावरून कोणाचे नाव वा तारीख उघड होत नाही, त्यामुळे गुप्ततेचा भंग होण्याचे भय नाही. पुढे केव्हा शंका आली तर फाईल पुन्हा गणितातून काढावी आणि जुन्या अंकातील ठशाशी ताडून पाहावी. ‘शा-२५६’चा ठसा चौसष्ट अक्षरांचा असतो. छापायला त्याला दोन ओळी पुरतात.